नकार देणारा प्रोग्रॅम हवा

रक्ताची पिशवी ब्लड बँकेतून वॉर्डात आली की ती लगेच रुग्णाला लावायची नसते. एक जण पिशवीवरचा क्रमांक, रक्तगट आणि मुदत मोठ्याने वाचतो, दुसरा ते केसपेपर आणि क्रॉसमॅचच्या कागदाशी ताडून पाहतो. रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याचे नाव त्यालाच विचारले जाते. तीस वर्षे नोकरी झालेल्या सिस्टर असोत की कालच रुजू झालेला इंटर्न, नियम एकच. काही जुळले नाही तर पिशवी परत जाते. रात्रीचे तीन वाजलेले असले आणि ब्लड बँक दोन मजले खाली असली तरीही परत जाते. 'माझ्यावर विश्वास नाही का' असे तिथे कोणी म्हणत नाही. चुकीच्या गटाचे थोडेसे रक्त जरी अंगात गेले तर काय होते, हे ज्याने एकदा पाहिले आहे त्याला घाई करण्याची हौस उरत नाही.

त्याच इमारतीत, दोन दालने पलीकडे, एखादा निवासी डॉक्टर लॅपटॉपवर चाळीस ओळींची एक स्क्रिप्ट चालवत असतो. त्याच्या प्रबंधातील दोनशे रुग्णांची माहिती त्या स्क्रिप्टमध्ये जाते आणि दुसऱ्या बाजूने एक सरासरी आणि एक आलेख बाहेर पडतो. त्यावरून निष्कर्ष लिहिला जातो, पुढे कदाचित शोधनिबंध होतो. आत काय गेले, हे मात्र कोणी मोठ्याने वाचलेले नसते.

अशा बहुतेक वैज्ञानिक स्क्रिप्ट 'कमांड लाइन'वरून चालतात. काळ्या खिडकीत प्रोग्रॅमचे नाव टाइप करायचे आणि त्याच ओळीत पुढे त्याला लागणारी माहिती द्यायची: कोणती फाइल वाचायची, मर्यादा किती धरायची, एकक कोणते, उत्तर कुठे ठेवायचे. नावापुढच्या या तुकड्यांना 'आर्ग्युमेंट' म्हणतात. इथे यादीतून निवड नसते आणि चुकलेल्या रकान्याभोवती लाल चौकटही उमटत नाही. बँकेच्या ॲपमध्ये पैसे पाठवताना नवा खाते क्रमांक दोनदा भरायला लावतात; पाचशे रुपये पाठवायचे असले तरी. शास्त्रीय स्क्रिप्ट असे काही करायला आपण होऊन शिकत नाही. लिहिणाऱ्याने शिकवले तरच शिकते. आणि लिहिणारा बहुधा संगणकाचा माणूस नसतो. तो जीवशास्त्राचा, औषधशास्त्राचा किंवा साथरोगशास्त्राचा विद्यार्थी असतो आणि त्याला उत्तर उद्या सकाळी हवे असते.

तपासणी नसलेल्या प्रोग्रॅमची किंमत काय असू शकते, याचे वैद्यकातील सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे आहे. २००६ मध्ये तेथील संशोधकांनी 'नेचर मेडिसिन'मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. कर्करोगाच्या गाठीतील जनुकांची हालचाल पाहून कोणत्या रुग्णाला कोणते केमोथेरपीचे औषध लागू पडेल हे आधीच सांगता येईल, असा त्यांचा दावा होता. कर्करोगाच्या दवाखान्यात काम करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला हे स्वप्नवत वाटले असते. केमोथेरपी लागू पडते की नाही हे आजही अनेकदा दोन-तीन सायकल देऊनच कळते, आणि त्या दोन-तीन सायकल रुग्णाच्या अंगावरून जातात.

टेक्सासमधील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील डॉक्टरांनाही ते आकर्षक वाटले आणि त्यांनी आपल्या संख्याशास्त्रज्ञांना, कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स यांना, ही पद्धत समजावून घ्यायला सांगितले. दोघांनी मूळ माहिती घेऊन तीच आकडेमोड पुन्हा करून पाहिली. उत्तर येईना. मग ते शोधकामाला लागले आणि जे सापडले ते हास्यास्पद म्हणावे इतके साधे होते. निबंधातील जनुकांच्या याद्या एका ओळीने सरकलेल्या होत्या. प्रत्येक मोजमापापुढे त्याच्या शेजारच्या जनुकाचे नाव लागले होते.

हे झाले कसे, याचा मागही त्यांनी लावला. ड्यूकच्या प्रोग्रॅमला दोन फाइली द्याव्या लागत. एका फाइलीत मोजमापांचा तक्ता आणि वर मथळ्याची एक ओळ. दुसरीत जनुकांची नुसती यादी, त्याच क्रमाने, आणि तिला मथळा असता कामा नये. एकीला मथळा हवाच, दुसरीला नकोच. वर्गातल्या दहापैकी चार मुले इथे चुकतील, हे कोणताही शिक्षक सांगेल. यादीला सवयीने मथळा दिला की ती एक घर खाली सरकते. प्रोग्रॅमने दोन्ही फाइली घेतल्या, कुरकूर न करता उत्तर दिले आणि ते उत्तर दिसायला अगदी बरोबर उत्तरासारखेच होते. मोजमापे इतकी आणि नावे त्याहून एक जास्त, हे मोजून थांबायला त्या प्रोग्रॅमला दोन-तीन ओळी पुरल्या असत्या.

दुसरी चूक याहून गंभीर. त्या मथळ्यात पेशींचे गट आकड्यांनी दाखवायचे होते: औषधाला दाद न देणाऱ्यांसाठी शून्य, दाद देणाऱ्यांसाठी एक. काही औषधांच्या बाबतीत ही खूण उलटी पडली होती, असे बॅगर्ली आणि कूम्ब्स यांनी दाखवून दिले. म्हणजे ज्या रुग्णाला औषध लागू पडण्याची शक्यता सर्वांत कमी, नेमके त्यालाच ते देण्याचा सल्ला बाहेर पडू शकत होता. शून्य आणि एक यांतला कोणता अंक कशासाठी हे प्रोग्रॅमला कळत नाही. पण त्याने अंकांऐवजी 'दाद देते' आणि 'दाद देत नाही' असे शब्दच मागितले असते, तर टाइप करणाऱ्याचा हात एकदा तरी थबकला असता.

हे सगळे कागदावरच राहिले असते तर त्याला विद्यापीठांची भांडणे म्हणून सोडून देता आले असते. पण तोवर या पद्धतीवर आधारलेल्या तीन वैद्यकीय चाचण्या ड्यूकमध्ये सुरू झाल्या होत्या आणि त्यांत शंभरावर रुग्ण दाखल झाले. बॅगर्ली आणि कूम्ब्स यांचा सविस्तर निबंध २००९ मध्ये एका संख्याशास्त्राच्या नियतकालिकात आला. चाचण्या थांबवल्या गेल्या, २०१० च्या सुरुवातीला पुन्हा सुरू झाल्या आणि त्याच वर्षी कायमच्या बंद झाल्या. २०११ मध्ये मूळ निबंध मागे घेतला गेला. पुढे अमेरिकी सरकारच्या चौकशीत या संशोधनात जाणूनबुजून केलेला गैरप्रकारही सिद्ध झाला. त्यामुळे हे प्रकरण आता लबाडीचे म्हणून सांगितले जाते आणि तेवढ्यावरच संपवले जाते. ते पुरेसे नाही. लबाडी विरळ असते. एका ओळीने सरकलेली यादी रोजची असते. लबाडाला जो प्रोग्रॅम अडवू शकला नाही, तो प्रामाणिक माणसालाही अडवणार नव्हता.

आपल्याकडे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या एमडी-एमएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. त्याचा कणा म्हणजे मास्टर चार्ट: एका ओळीत एक रुग्ण, उभ्या रकान्यांत वय, वजन, साखर, क्रिएटिनिन. या चार्टमध्ये काय काय सापडते हे एखाद्या अनुभवी गाइडला विचारावे. नऊ महिन्यांच्या बाळाचे वय नुसते '९' असते. नवजात बालकाचे वजन कुठे २.८, तर कुठे २८००. वय माहीत नसले की ९९९ टाकायची पद्धत असते, आणि ते ९९९ सरासरीत मिसळून जातात. बाहेरच्या प्रयोगशाळेतून आलेल्या अहवालात क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये असते. तिथले ८० म्हणजे आपल्याकडचे सुमारे ०.९. एकक न विचारता ते ८० मूत्रपिंडाच्या सूत्रात घातले, तर धडधाकट पन्नाशीच्या माणसाची मूत्रपिंडे जवळपास बंद पडलेली दिसतील. ही चूक निदान डोळ्यांत भरते. किलोच्या जागी पौंड पडले तर मुलाची मात्रा दुपटीच्या वर जाते आणि तरीही आकडा विचित्र दिसत नाही. भयंकर मोठी चूक स्वतःच ओरडते. अर्धी-पाऊण चूक शांतपणे पुढच्या पानावर जाते.

साखरेच्या रकान्याची गोष्ट थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर मोजणारे ग्लुकोमीटर या बाबतीत फार शहाणे यंत्र आहे. साखर त्याच्या मर्यादेपलीकडे गेली, बहुतेक यंत्रांत सहाशेच्या आसपास, की ते आकडा दाखवतच नाही. पडद्यावर 'हाय' एवढीच अक्षरे येतात. मला हे मोजता येत नाही, असे यंत्र स्पष्ट सांगते. सिस्टर ते तसेच लिहितात आणि निवासी डॉक्टर ते तसेच मास्टर चार्टमध्ये उतरवतो. इथवर सगळे प्रामाणिक आहे. आता ही फाइल स्क्रिप्टला द्या. संख्याशास्त्रासाठी लोकप्रिय असलेल्या 'आर' भाषेच्या २०२० पूर्वीच्या आवृत्त्यांत रकान्यात असा एक जरी शब्द आला तरी सगळा रकाना शब्दांचा समजला जाई. मग त्याला पुन्हा आकड्यांत बदलायला सांगितले की हाती साखर येत नसे, तर त्या नोंदींचे अनुक्रमांक येत: एक, दोन, सतरा. त्यांचीही सरासरी निघते आणि आलेखही निघतो. पायथॉनमध्ये दुसरी सोय आहे. जे आकड्यात बदलत नाही ते रिकामे समजून पुढे जा, असे तिला सांगता येते, आणि घाईत असलेले अनेक जण तसेच सांगतात. मग 'हाय' लिहिलेले सगळे रुग्ण सरासरीतून गळतात. गळणारे कोण? ज्यांची साखर सर्वांत जास्त होती ते, म्हणजे वॉर्डातले सर्वांत आजारी रुग्ण. उरलेल्यांची सरासरी सुरेख येते आणि उपचार चांगला चालल्यासारखा दिसतो.

यावर उपाय अवघड नाही. रकान्यात आकड्याखेरीज काही दिसले तर स्क्रिप्टने थांबावे, ओळ क्रमांक सांगावा आणि माणसाला विचारावे. पण 'थांबावे' या शब्दाशीच संशोधकांचे भांडण असते. स्क्रिप्ट थांबली म्हणजे ती बिघडली, असे नवशिक्याला वाटते. म्हणून तो अशी लिहितो की काहीही झाले तरी शेवटपर्यंत जावी. वॉर्डातल्या मॉनिटरचा आवाज त्रास देतो म्हणून बंद करून ठेवण्यासारखे हे आहे.

तपासणी करायची म्हणजे तरी नेमके काय करायचे? इथेही डॉक्टरच्या कामाचीच पद्धत उपयोगी पडते. मुलाच्या औषधाची मात्रा काढणारी स्क्रिप्ट घ्या. तिच्या नावापुढे दोन आकडे द्यायचे आहेत, वय आणि वजन. आठ वर्षांचे, वीस किलोचे मूल. घाईत आकडे उलटे पडले: वीस वर्षे, आठ किलो. वय शून्य ते एकशे दहाच्या दरम्यान आहे का? आहे. वजन अर्धा ते दोनशे किलोच्या दरम्यान आहे का? आहे. दोन्ही तपासण्या पार आणि रुग्ण मात्र या जगात नसलेला. म्हणून प्रत्येक आकडा सुटा तपासून भागत नाही, आकडे एकमेकांशी जुळतात का हेही पाहावे लागते. आणि त्याआधी, नुसते आकडे ओळीने मागूच नयेत. 'वय' लिहून वय आणि 'वजन' लिहून वजन मागावे. पायथॉनसोबत मिळणाऱ्या 'आर्गपार्स' या साधनात हे सगळे दहा-पंधरा ओळींत होते, आणि त्याचे पैसे पडत नाहीत.

या साधनालाही खोडी आहेत, त्या माहीत असाव्यात. हो-नाही स्वरूपाचे आर्ग्युमेंट त्यात सरळ 'बूल' या प्रकाराचे म्हणून घेतले, तर टाइप केलेला 'फॉल्स' हा शब्दही 'खरे' समजला जातो, कारण रिकामा नसलेला कोणताही शब्द पायथॉनच्या लेखी खराच. रुग्णांची नावे यादीत ठेवायची का, या प्रश्नाला संशोधकाने 'फॉल्स' असे उत्तर द्यावे आणि नावांसकट यादी बाहेर पडावी, असे होऊ शकते. शिवाय पर्यायाचे नाव अर्धवट टाइप केले तरी, दुसऱ्या कशाशी गोंधळ होत नसेल तर, हे साधन ते पूर्ण समजून घेते. मदत म्हणून ठेवलेली ही सोय आहे. मदतीच्या उत्साहात काय होते ते जनुकशास्त्रज्ञांना विचारा: 'मार्च-१' आणि 'सेप्ट-२' अशा नावांची जनुके एक्सेलमध्ये टाकली की त्यांच्या तारखा होत. २०१६ च्या एका पाहणीत, जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशी बिघडलेली नावे आढळली. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावे बदलली. प्रोग्रॅमपुढे विज्ञानाने हात टेकल्याचे याहून मजेदार उदाहरण शोधावे लागेल.

आणखी एक फट फार सूक्ष्म आहे. संगणकात 'नॅन' नावाचा एक आकडा असतो, ज्याचा अर्थच 'हा आकडा नाही' असा आहे. आधीच्या पायरीवर शून्याला शून्याने भागण्यासारखे काही घडले की तो तयार होतो आणि पुढच्या स्क्रिप्टला आर्ग्युमेंट म्हणून दिला जाऊ शकतो. आता टक्केवारी तपासणारी ओळ त्याला विचारते: शून्यापेक्षा कमी आहेस का? उत्तर, नाही. शंभरापेक्षा जास्त आहेस का? नाही. दोन्ही 'नाही' आल्यावर त्याला आत सोडले जाते. प्रश्न उलटा विचारायला हवा होता: शून्य ते शंभरच्या दरम्यान आहेस का? याचेही उत्तर 'नाही' येते आणि दार बंद राहते. गणिती वाटणारा हा फरक प्रत्येक डॉक्टरच्या ओळखीचा आहे. केसपेपरवर 'ॲलर्जीची नोंद नाही' आणि 'विचारले, ॲलर्जी नाही' या दोन वाक्यांतला हा फरक आहे. पेनिसिलिनचे इंजेक्शन पहिल्या वाक्यावर देत नाहीत.

रिकामे आर्ग्युमेंट किती नुकसान करू शकते हे जपानमधील क्योटो विद्यापीठाने २०२१ च्या डिसेंबरात पाहिले. तेथील महासंगणकाच्या साठ्यावर जुन्या नोंदींच्या फाइली पुसणारी एक स्क्रिप्ट चालत असे. यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीने ती सुधारली आणि जुनी स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्या जागी नवी ठेवली. अर्ध्यातून नवी स्क्रिप्ट वाचली गेली तेव्हा 'कुठल्या जागेतले पुसायचे' हे सांगणारे नाव रिकामेच होते. स्क्रिप्टने विचारले नाही. संशोधकांच्या सुमारे ७७ टेराबाइट फाइली, संख्येने ३ कोटी ४० लाखांच्या आसपास, पुसल्या गेल्या. १४ संशोधन गटांना फटका बसला आणि त्यांपैकी चार गटांची माहिती परत मिळवता येण्याजोगी नव्हती. न भरलेले नाव दिसताच थांब, असे स्क्रिप्टला सांगण्याची एका ओळीची सोय तेव्हाही होती, आणि ती काल-परवाची नव्हे.

इतके वाचून कोणी म्हणेल, मग प्रत्येक गोष्टीला इशारा लावून टाकू. तसे करून पाहिलेले आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात २०१३ मध्ये सोळा वर्षांच्या एका मुलाला को-ट्रायमोक्साझोलची एक गोळी द्यायची होती. वजन ३८.६ किलो. चाळीस किलोच्या आत असल्यामुळे मात्रा वजनानुसार लिहिण्याचा तिथला नियम. डॉक्टरने किलोमागे ५ मिलिग्रॅम लिहिले, हिशेब १९३ आला. गोळी १६० ची मिळते, म्हणून फार्मासिस्टने '१६० लिहून पाठवा' असे सांगितले. डॉक्टरने १६० टाइप केले. पडद्यावरचे एकक मात्र 'किलोमागे मिलिग्रॅम' हेच राहिले होते. प्रोग्रॅमने १६० ला वजनाने गुणले आणि साडेअडतीस गोळ्यांची मागणी तयार झाली. प्रोग्रॅमने इशारा दिला होता, डॉक्टरलाही आणि फार्मासिस्टलाही. दिवसभरात असे इतके इशारे येत की दोघांनीही तो बाजूला सारला. यंत्रमानवाने गोळ्या बिनचूक मोजून पाकिटात भरल्या, नर्सने त्या दिल्या आणि मुलाने त्या सगळ्या घेतल्या. त्याला आकडी आली, श्वास थांबला. तो वाचला. त्या रुग्णालयाचे श्रेय एवढे की त्यांनी हे दडवले नाही; तिथलेच डॉक्टर रॉबर्ट वॉक्टर यांनी २०१५ मधील आपल्या पुस्तकात ते सविस्तर लिहिले आहे.

इशारा आणि नकार यांतली निवड इथे दिसते. एका गोळीच्या जागी दोन लिहिल्या तर इशारा ठीक आहे. डॉक्टरला काही कारण असू शकते. साडेअडतीस गोळ्यांना कोणतेही कारण असू शकत नाही. तिथे प्रोग्रॅमने ठामपणे नाही म्हणायला हवे आणि पुढे जायचेच असेल तर दुसऱ्या माणसाची सही मागायला हवी. दोन्हींसाठी एकच पिवळी चौकट दाखवली की माणूस दोन्हींवर सारख्याच वेगाने क्लिक करतो. अर्थात मर्यादा आखणारा माणूस रुग्ण पाहिलेला असावा. पाचशे ग्रॅमचे अकाली जन्मलेले बाळ खरे असते, नव्वदीपलीकडचा रुग्ण खरा असतो. मर्यादा इतक्या आवळल्या की खरा रुग्णच बाहेर राहिला, तर लोक तपासणीच बंद करून टाकतात.

इशारा नेमका असेल तर तो काय करू शकतो, याचेही उदाहरण आहे. जनुकांचा क्रम जुळवून पाहणारे अमेरिकी सरकारी संस्थेचे 'ब्लास्ट' हे साधन जगभर वापरले जाते. त्याला 'जास्तीत जास्त किती जुळण्या दाखवायच्या' असे एक आर्ग्युमेंट देता येते. अनेक जण तिथे एक टाकत आणि सर्वोत्तम जुळणी मिळाली असे समजत. २०१८ मध्ये काही संशोधकांनी दाखवले की ती जुळणी सर्वोत्तम असेलच असे नाही. संस्थेने त्यातला एक दोष दुरुस्त केला, माहितीपत्रक सुधारले आणि पाचापेक्षा कमी आकडा टाकणाऱ्याला 'पाच किंवा अधिक जुळण्या पाहाव्यात' असा सल्ला पडद्यावर दाखवायला सुरुवात केली. हा सल्ला सगळ्यांना दिसत नाही. चुकण्याची शक्यता ज्याची आहे त्यालाच दिसतो.

मग जबाबदारी कोणाची? वैद्यकीय उपकरणात मोडणारे सॉफ्टवेअर २०२० पासून भारतात औषध नियंत्रकांच्या कक्षेत आले आहे. पण संशोधकाने स्वतःसाठी लिहिलेली चाळीस ओळींची स्क्रिप्ट त्या चाळणीपर्यंत पोचत नाही. 'ती मीच चालवतो, तिला काय द्यायचे मला माहीत आहे,' हे त्यावरचे ठरलेले उत्तर. तीन वर्षांनी तो डॉक्टर पास होऊन जातो, स्क्रिप्ट पेन ड्राइव्हवरून ज्युनिअरकडे येते, आणि कोणत्या फाइलीला मथळा हवा व कोणत्या फाइलीला नको हे ज्याला माहीत होते तो दुसऱ्या जिल्ह्यात असतो. प्रबंधाचा आराखडा मंजूर करताना नैतिकता समिती संमतिपत्राची मराठी तपासते, नमुन्याची संख्या विचारते आणि अनेकदा स्वल्पविरामही दुरुस्त करते. आकडेमोड कशी होणार, या रकान्यात एका सॉफ्टवेअरचे नाव लिहिले की प्रश्न संपतो.

त्या बैठकीत आणखी दहा मिनिटे काढता येतील. विद्यार्थ्याने स्वतःची स्क्रिप्ट आणली असेल तर ती तिथेच चालवायला सांगावी. आधी तिला रिकामी फाइल द्यावी. मग मथळ्याची ओळ जास्तीची असलेली. मग साखरेच्या रकान्यात एके ठिकाणी 'हाय' लिहिलेली. आणि शेवटी वयाच्या जागी वजन. चारही वेळा तिने काम थांबवून काय चुकले ते सांगितले तर आराखड्यावर सही करावी. एकदाही तिने मुकाट्याने सरासरी काढून दिली तर पुढच्या महिन्याच्या बैठकीत पुन्हा बोलवावे.